जॉर्जटाउन, पेनांग: दोघांनी फिरायचं आणि रस्त्यावरचं खायचं तर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही दोघं पेनांगला जाऊन आलो हे कळल्यापासून ओळखीतली जोडपी फोनवर जे विचारतात, ते इथे एकदाच लिहून ठेवलं आहे. पेनांग हे मलेशियाच्या वायव्य किनाऱ्यालगतचं बेट आणि जॉर्जटाउन हे त्यावरचं जुनं शहर. इथली बहुतेक उत्तरं या शहरापुरती आहेत.

सिंगापूर, बँकॉक सोडून पेनांगच का?

कारण हे शहर पायी फिरण्याएवढं लहान आहे आणि खाणं हेच इथलं मुख्य आकर्षण आहे. १७८६ साली फ्रान्सिस लाइट या इंग्रजाने ईस्ट इंडिया कंपनीसाठी हे बेट ताब्यात घेतलं आणि बंदर वसवलं. मग दक्षिण चीनमधून होक्किएन, तेओच्यू, कँटनी लोक आले, तमिळ हिंदू आणि तमिळ मुसलमान आले, मलय तर आसपास होतेच. प्रत्येकाने आपापली चूल आणली आणि शेजाऱ्याच्या चुलीवरचंही उचललं. २००८ मध्ये मलाक्कासोबत जॉर्जटाउनचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यामुळे जुन्या दुकानघरांच्या (खाली दुकान, वर घर) रांगा टिकल्या आहेत आणि त्यांच्या पुढ्यातले ठेलेही.

मोठे मॉल, थीम पार्क, उंच इमारतींवरून दिसणारे दिवे हे तुम्हाला हवं असेल तर मात्र सिंगापूरलाच जा. इथे येऊन हिरमोड होईल.

किती दिवस पुरे?

चार रात्री. तीनमध्ये बघून होतं, पण खाऊन होत नाही. पोट ही इथली खरी मर्यादा आहे. आठवडाभर राहायचं असेल तर दोन रात्री समुद्राकडे काढा.

कोणत्या महिन्यात जावं?

उकाडा बारा महिने आहे. दुपारी ३१-३२ अंश आणि भरपूर दमटपणा हे गृहीतच धरा. साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबर पाऊस जास्त, डिसेंबर ते फेब्रुवारी त्यातल्या त्यात कोरडा.

पण हवामानापेक्षा पंचांग महत्त्वाचं. चिनी नववर्षाच्या दिवसांत बरेच चिनी ठेले बंद असतात, कारण ती माणसंही आपापल्या घरी सण करत असतात. शहर लाल कंदिलांनी सजलेलं, सुंदर आणि तुम्ही हव्या त्या लाक्साच्या (रश्शातल्या शेवयांच्या) बंद दारापुढे. याउलट त्या सणाच्या नवव्या दिवसाच्या आदल्या रात्री जर तिथे असाल, तर च्यू जेट्टीवर, म्हणजे समुद्रात खांबांवर उभ्या असलेल्या वस्तीत जा. होक्किएन लोक त्या रात्री आकाशदेवाची पूजा मांडतात आणि त्यात अख्खे ऊस उभे केलेले असतात. ऊस कशासाठी? संकटात त्यांचे पूर्वज उसाच्या फडात लपून वाचले, अशी त्यांची कथा आहे.

जानेवारी-फेब्रुवारीत थैपुसम येतो. मुरुगनाचा रथ आणि कावडी बघायला प्रचंड गर्दी लोटते. रमझानमध्ये दिवसा मुसलमान खाणावळी थंड असतात, पण दुपारनंतर रमझान बाजार भरतात आणि चिनी ठेले नेहमीसारखेच चालू असतात. त्यामुळे रमझान टाळायचं काही कारण नाही.

व्हिसा लागतो का?

भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. ही सवलत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत जाहीर झालेली आहे. त्यानंतर जाणार असाल तर तिकीट काढण्याआधी मलेशियाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर खात्री करा. पोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन पत्रक ऑनलाइन भरावं लागतं. ते फुकट आहे. त्याचे पैसे मागणारी संकेतस्थळं सरकारी नव्हेत. दोघांचं वेगवेगळं भरायचं, बरं का. पासपोर्ट किमान सहा महिने चालणारा हवा.

क्वालालंपूरहून कसं जायचं?

विमानाने तासाभरात. पण वेळ असेल तर रेल्वेच घ्या. केएल सेंट्रल स्थानकावरून ईटीएस गाडी सव्वाचार तासांच्या आसपास बेटासमोरच्या मुख्य भूमीवरच्या बटरवर्थला सोडते. स्थानकाला लागूनच फेरीचा धक्का आहे. काही रिंगिटांत (हे मलेशियाचं चलन), दहा-पंधरा मिनिटांत समुद्र ओलांडून थेट जुन्या शहराच्या काठाशी उतरता. विमानाने आलात तर विमानतळ शहराच्या दक्षिणेला सोळा-एक किलोमीटरवर आहे आणि पहिली ओळख होते ती वाहतूक कोंडीशी. बसने येत असाल तर तिकिटावर उतरायचं ठिकाण नीट वाचा. काही बस बेटावर येतात, काही बटरवर्थलाच थांबतात.

राहायचं कुठे?

जुन्या शहराच्या आत. आर्मेनियन स्ट्रीट, मुंत्री स्ट्रीट, लव्ह लेन या पट्ट्यात जुनी दुकानघरं दुरुस्त करून छोटी हॉटेलं केली आहेत. मधला उघडा चौक, रंगीत फरशा, लाकडी झडपा, सगळं देखणं. पण दोन गोष्टी आधी विचारा. खोलीला खिडकी आहे का? ही घरं अरुंद आणि खूप खोल असतात, त्यामुळे मधल्या खोल्यांना बहुधा खिडकी नसते. आणि लिफ्ट आहे का? जिने उभे असतात. मोठी बॅग आणि दुखरा गुडघा असेल तर फोटोवर भाळू नका. लव्ह लेन नावाला साजेशी वाटते, पण रात्री तिथे बारचा गोंगाट असतो.

खिसा सैल सोडायचा असेल तर १८८५ साली सुरू झालेलं ईस्टर्न अँड ओरिएंटल हॉटेल समुद्राला लागून आहे. नाहीतर चिनी व्यापारी चेओंग फाट त्झे यांची निळी हवेली आहे, तिच्यातही राहता येतं. परदेशी पाहुण्यांकडून दर खोलीमागे दर रात्री १० रिंगिट पर्यटन कर वेगळा घेतात. तो बहुतेकदा हॉटेलवरच भरायचा असतो.

आम्ही आधी ठिकाणांची यादी करू आणि मग जवळपास जे मिळेल ते खाऊ. चालेल ना?

उलटं करा. इथे देवळं आणि हवेल्या दिवसभर जागेवरच असतात, ठेले नसतात. एखादी बाई फक्त सकाळी सात ते अकरा ‘होक्किएन मी’ हा शेवयांचा पदार्थ विकते. त्याच जागी दुपारी दुसरा कोणी असतो आणि संध्याकाळी तिसराच. माल संपला की गाडी बंद, मग घड्याळात काहीही वाजलेलं असो. साप्ताहिक सुट्टीही प्रत्येकाची वेगळी. म्हणून आधी खाण्याच्या वेळा धरा आणि मधल्या फटींत बघण्याची ठिकाणं बसवा.

ढोबळ हिशोब असा. सकाळ कोपितियामची. म्हणजे चिनी मालकाचं चहा-कॉफीचं दुकान, ज्याच्या आत आणि पुढ्यात चार-सहा ठेले भाड्याने उभे असतात. सकाळी तिथे कॉफी, कोळशावर भाजलेला पाव, अर्धवट उकडलेली अंडी, शेवयांचे रस्से. दुपार लाक्सा, चेंदोल (बर्फाचा गोड पदार्थ) आणि नासी कांदारची (भात आणि रस्से). दुपारी दोन ते पाच मात्र जरा मंद असतात. ऊनही तेव्हाच सर्वांत जास्त, म्हणून हवेल्या, संग्रहालयं आणि झोप यांच्यासाठी हीच वेळ. सहानंतर रस्त्यावरच्या खाऊगल्ल्या पेटतात: चुलिया स्ट्रीट, किंबर्ली स्ट्रीट, न्यू लेन. गर्नी ड्राइव्ह सगळ्यांत प्रसिद्ध आणि सगळ्यांत मोठी. तिथे एकदा जावं, पण जुन्या शहरातल्या गल्ल्यांमध्ये मला जेवण अधिक आवडलं.

एका जागी बसून दोघांनी किती मागवायचं?

एका पदार्थाची एकच प्लेट, दोघांत. ही या पानावरची सगळ्यांत कामाची सूचना आहे. प्लेट लहान असते, पण दोघांनी दोन-दोन घेतल्या तर दुसऱ्या ठेल्यावर पोटात जागा उरत नाही. एक प्लेट खायची, उठायचं, दोन गल्ल्या चालायचं, पुढची खायची. एकटा माणूस दिवसात चार पदार्थ खाऊन थकतो, दोघं मिळून आरामात आठ चाखतात. जोडीने जाण्याचा एवढा रोख फायदा दुसऱ्या कुठल्या शहरात मला दिसला नाही.

बसायच्या रीती माहीत असल्या की गोंधळ होत नाही. एकाने टेबल धरायचं, दुसऱ्याने ठेल्यावर जाऊन सांगायचं आणि टेबलाचा आकडा किंवा जागा दाखवायची. पदार्थ टेबलावर येतो आणि पैसे तेव्हाच द्यायचे. कोपितियाममध्ये पेय मात्र दुकानमालकाचा माणूस येऊन विचारतो. ते घ्यावं, कारण बसायच्या जागेचं भाडं त्यातूनच निघतं. काही ठिकाणी पेय न घेतल्यास थोडी रक्कम लावतात आणि तशी पाटीही असते. चार खुर्च्यांच्या टेबलावर दोघंच असाल तर कोणीतरी अनोळखी येऊन बसेल. सरकून घ्या. शेजाऱ्याने काय मागवलं आहे हे बघायची ती उत्तम संधी असते.

कॉफीची भाषा पटकन शिकून घ्या. कोपी म्हणजे आटीव गोड दूध घातलेली, कोपी-ओ म्हणजे बिनदुधाची पण साखरेची, कोपी-ओ कोसोंग म्हणजे दूधही नाही आणि साखरही नाही. शेवटी ‘पेंग’ म्हटलं की बर्फ. चहाला तेह म्हणतात आणि फेसाळ तेह तारिक तमिळ मुसलमानांच्या दुकानात प्यावा.

नक्की काय काय खायचं?

चार क्वे टिआओ पहिलं. तांदळाच्या चपट्या पट्ट्या, कोळंबी, शिंपल्या, अंडं, मुगाचे मोड, लसणीची पात, चिनी सॉसेज. सगळं भडक आचेवर लोखंडी कढईत परतलेलं. चांगला ठेलेवाला एका वेळी एक किंवा दोनच प्लेटी परततो, म्हणून रांग लागते. पाच-सहा प्लेटींचा घाणा एकदम घालणारा दिसला तर पुढे चला. काही जण जरा जास्त पैसे घेऊन बदकाचं अंडं घालतात. हो म्हणा.

आसम लाक्सा आपल्या जिभेला लगेच कळतो. रस्सा बांगड्याचा. आंबटपणा चिंचेचा आणि आसम गेलुगोर नावाच्या वाळवलेल्या फळाच्या चकत्यांचा. हे फळ आपल्या आमसुलाच्याच कुळातलं. वरून पुदिना, अननस, काकडी, कांदा, आल्याच्या जातीच्या एका झाडाची गुलाबी कळी आणि चमचाभर काळी दाट कोळंबीची चटणी. ही चटणी आधी वेगळी चाखा, मग रश्शात मिसळा. उग्र आहे, सगळ्यांना झेपत नाही. जाड पांढऱ्या शेवया शर्टवर उडतात, तेव्हा पांढरे कपडे हॉटेलवर ठेवा.

होक्किएन मी म्हणजे इथे कोळंबीच्या डोक्या-सालांचा उकळून काढलेला लालसर रस्सा. क्वालालंपूरला याच नावाखाली काळ्या परतलेल्या शेवया येतात, तेव्हा तिथे खाल्लं म्हणून इथे वगळू नका.

नासी कांदार तमिळ मुसलमानांचा. पूर्वी खांद्यावरच्या काठीला दोन टोकांना हंडे लटकवून ते विकत फिरायचे. भात, वर हवं ते मटण, चिकन, मासळी, भेंडी आणि मग दोन-तीन रश्शांचं मिश्रण. ‘बांजिर’ म्हणालात तर भात रश्शात बुडवून देतात. कॅम्पबेल स्ट्रीटवरचं हमीदिया १९०७ पासून चालू आहे. इथे एका प्लेटचा नियम सैल करा. भात पोटभर असतो, पण भाज्या-रस्से निवडताना दोघांचं एकमत होणं अवघड.

चेंदोल दुपारच्या उन्हात हवाच: किसलेला बर्फ, नारळाचं दूध, माडाच्या गुळाचा पाक, राजमा आणि पांदानच्या पानांनी हिरव्या झालेल्या तांदळाच्या पिठाच्या अळ्यांसारख्या शेवया. पेनांग रोडजवळच्या गल्लीत लोक उभ्यानेच खातात. आणखी वाट्याला आलं तर कालवांचं ऑम्लेट ओ चिएन, मुळ्यासारख्या कंदाच्या भाजीचा मऊ रोल पोपिया, पासेंबुर, आणि संध्याकाळच्या गाडीवरचं आपोम (आप्पमसारखं). पासेंबुरमध्ये भजी, काकडी, बटाटा यांवर रताळ्याचा गोडतिखट रस्सा असतो.

एकजण शाकाहारी आणि एकजण सगळं खाणारा. जमेल का?

जमेल, पण आधीच ठरवून. हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

चिनी ठेल्यांवर ‘मांस घालू नका’ म्हटलं तरी पदार्थ शाकाहारी होत नाही. परतायला डुकराची चरबी असते, रस्सा कोळंबीचा किंवा हाडांचा असतो. पालेभाजीतही ‘बेलाचान’ म्हणजे सुकवून आंबवलेल्या कोळंबीची वडी पडते. चटणीतही तीच. ‘करी मी’ या करीतल्या शेवयांच्या वाटीत काळपट चौकोनी तुकडे दिसतात ते गोठवलेलं रक्त. नासी कांदारच्या दुकानातली डाळही निर्धास्तपणे घेऊ नका. तिथल्या डाल्चात अनेकदा मटणाची हाडं शिजलेली असतात. रोटी चनाई या पदरांच्या रोटीसोबतचा रस्साही विचारूनच घ्या, नाहीतर साखरेसोबत खा. तीही पद्धत आहे.

मग शाकाहारी माणसाने काय करायचं? दोन भक्कम आधार आहेत. एक, लिटल इंडिया. क्वीन स्ट्रीट, पेनांग स्ट्रीट, मार्केट स्ट्रीट या पट्ट्यात दाक्षिणात्य शाकाहारी खाणावळी आहेत. केळीच्या पानावरचा भात, डोसे, वडे मिळतात. पुतु मायमची गाडी दिसली तर सोडू नका. कोकणातले शिरवाळेच जणू, फक्त नारळाच्या रसाऐवजी किसलेलं खोबरं आणि गूळ. दुसरा आधार चिनी बौद्ध शाकाहारी खाणावळी. तिथे भातासोबत वीसेक भाज्या मांडलेल्या असतात, तुम्ही वाढून घ्यायचं आणि ताटाकडे बघून पैसे सांगितले जातात. या स्वयंपाकात परंपरेने कांदा-लसूणही नसतो. ‘मटण’, ‘मासा’ अशा नावाचं काही दिसलं तर ते सोया किंवा गव्हाच्या चिकाचं असतं. अंडं चालत नसेल तर तेवढं विचारा.

चिनी नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस, म्हणजे साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात, नऊ सम्राटदेवांचा उत्सव असतो. तेव्हा शहरभर पिवळ्या झेंड्यांचे शाकाहारी ठेले उभे राहतात आणि एरवी मांसाशिवाय न बनणारे पदार्थ शाकाहारी रूपात मिळतात. शाकाहारी जोडप्याला पावसाचा धोका पत्करूनही हे दिवस मी सुचवीन.

रोजचं गणित असं बसवा: कोपितियाममध्ये एकाने लाक्सा खावा, दुसऱ्याने कॉफी-पाव किंवा चेंदोल घ्यावं. मग दहा मिनिटं चालून लिटल इंडियात दुसऱ्याचं जेवण. दोघांनी एकाच टेबलावर एकाच वेळी जेवलंच पाहिजे हा हट्ट सोडला की कोणी उपाशी राहत नाही आणि कोणी रुसत नाही.

बीफ किंवा पोर्क चालत नसेल तर?

चिनी ठेल्यांवर डुक्कर जवळपास गृहीत धरा, बीफ मात्र तिथे कमी. मलय आणि मुसलमान दुकानांत डुक्कर अजिबात नाही, पण बीफ असतं. त्याला ‘दागिंग’ किंवा ‘लेंबू’ म्हणतात. चिकन म्हणजे ‘आयाम’, मासा ‘इकान’, कोळंबी ‘उदांग’. इंग्रजी सगळीकडे चालतं, पण हे शब्द पाटी वाचायला लागतात.

पोट बिघडणार नाही ना?

गर्दीच्या ठेल्यावर, समोर गरम होऊन आलेलं खा. माल पटापट खपतो, शिळा राहत नाही. पेयातला बर्फ बहुतेक ठिकाणी कारखान्यातला, मधे भोक असलेला नळीसारखा असतो. पाणी बाटलीचं घ्या. खरा त्रास जंतूंपेक्षा तिखट, तेल आणि ऊन एकत्र आल्याने होतो. डासांसाठी मलम ठेवा, डेंग्यू तिथेही आहे.

मिशेलिन यादीतल्या ठेल्यांपुढेच रांग लावायची का?

चांगल्या खाण्याच्या जागा निवडणारी मिशेलिन मार्गदर्शिका पेनांगसाठी पहिल्यांदा डिसेंबर २०२२ मध्ये आली. तेव्हापासून काही ठेल्यांपुढे रांगा वाढल्या. यादीतलं एखादं जरूर गाठा, पण तासभर उन्हात उभं राहण्याएवढा फरक शेजारच्या ठेल्यात आणि त्यात क्वचितच असतो. चव टिकवण्याबाबत पेनांगचे लोक स्वतःच कडक आहेत. स्थानिक पदार्थांच्या ठेल्यांवर मुख्य स्वयंपाकी परदेशी नसावा, असा नियम राज्य सरकारने २०१६ पासून लागू केला. त्यावर वादही झाले, पण खाण्याची इथे किती प्रतिष्ठा आहे ते यातून कळतं.

जुन्या शहरात काय बघावं?

सकाळी आठला जालान मस्जिद कपितान केलिंगपासून निघा. एकाच रस्त्यावर आणि त्याच्या आजूबाजूला १८१८ चं सेंट जॉर्ज चर्च, दयादेवी क्वान यिनचं चिनी देऊळ, क्वीन स्ट्रीटकडे तोंड केलेलं १८३३ चं महामारिअम्मन देऊळ आणि १८०१ मध्ये स्थापन झालेली कपितान केलिंग मशीद. क्वान यिनच्या देवळात उदबत्त्यांच्या धुराने डोळे चुरचुरतात, पण तिथे रोजचे भक्त येतात, म्हणून मला ते अधिक जिवंत वाटलं.

मग खू कोंगसी. खू आडनावाच्या कुळाचं हे सभागृह. १९०१ मध्ये आधीची इमारत जळाली आणि १९०६ मध्ये आजची उभी राहिली. छपरावरचं कोरीवकाम मान मोडेपर्यंत बघावं असं आहे. निळ्या हवेलीत मार्गदर्शकासोबतची फेरी घ्या, भिंतीचा तो रंग चुन्यात नीळ मिसळून केलेला आहे. पेरानाकान (मलय रीती उचललेल्या जुन्या चिनी घराण्यांची) हवेली म्हणजे दागिने, काच, मोत्यांच्या चपला, कोरीव पलंग. दोन्ही हवेल्या एकाच दिवशी नकोत, डोळे थकतात.

फोर्ट कॉर्नवॉलिस बाहेरून बघितला तरी चालेल.

रस्त्याने जाताना दुकानांपुढची सलग ओसरी सावली देते, पण तीवर स्कूटर, कुंड्या, देव्हारे मांडलेले असतात. तेव्हा कधी ओसरी, कधी रस्ता असं चालावं लागतं.

भित्तिचित्रांसाठी नकाशा लागतो का?

नाही. लिथुआनियाचा चित्रकार अर्नेस्ट झाखारेविच याने २०१२ मध्ये काढलेली चित्रं सर्वांत प्रसिद्ध आहेत. आर्मेनियन स्ट्रीटवरची सायकलवरची दोन मुलं त्यांतलीच. सायकल खरी, मुलं रंगवलेली. सकाळी साडेआठच्या आत गेलात तर दोघांचा फोटो निवांत निघेल, अकरानंतर रांग असते. बाकीची चित्रं आणि लोखंडी सळ्यांची मिस्कील व्यंगचित्रं आपोआप दिसतात.

जेट्टींवरच्या घरांत जाता येतं का?

च्यू, लिम, टान, ली अशा एकेका आडनावाच्या वस्त्या समुद्रात खांबांवर उभ्या आहेत. च्यू जेट्टी पर्यटकांनी भरलेली, दुकानांची. टान जेट्टी शांत, टोकाला जाऊन बसण्यासारखी. ही राहती घरं आहेत, उघड्या दारातून आत कॅमेरा घालू नका आणि रात्री उशिरा जाऊ नका.

केक लोक सी आणि पेनांग हिल एका दिवसात?

होतात, दोन्ही एकाच दिशेला आहेत. टेकडीवर आधी जा, सकाळी लवकर. १९२३ पासून चालणारी, नंतर नव्याने बांधलेली दोराची रेल्वे सातशे मीटरच्या आसपास उंचीवर नेते. वर हवा थोडी गार असते, आणि स्वच्छ दिवशी पूल व पलीकडचा किनारा दिसतो. शनिवार-रविवार आणि शाळांच्या सुट्ट्या टाळा. वर एक मुरुगनाचं देऊळ आणि एक मशीद शेजारी शेजारी आहेत.

उतरल्यावर आयर इताम भागात लाक्सा खा आणि मग देवळात चढा. केक लोक सीचा १९३० मध्ये पूर्ण झालेला सात मजली पॅगोडा खाली चिनी, मधे थाई, वर ब्रह्मी घडणीचा आहे. त्याच्याही वर ३० मीटरहून उंच काशाची क्वान यिन उभी आहे. पायऱ्या पुष्कळ आहेत, शेवटच्या टप्प्याला उतारावरून तिरकी चढणारी लिफ्ट आहे. चिनी नववर्षाच्या आसपास महिनाभर संध्याकाळी हजारो दिवे लावतात.

समुद्रकिनारा कसा आहे?

बातू फेरिंगी ठीकठाक. पाणी गढूळ, कधी कधी जेलीफिशही. पोहायला आवडत असेल तर मलेशियाचंच दुसरं बेट, लंकावी गाठा. तेलुक बाहांगचं राष्ट्रीय उद्यान मात्र चालणाऱ्यांना आवडेल, येताना होडीने परतता येतं.

पैसे किती आणि कसे?

ठेल्यावर रोख. एक, पाच, दहा रिंगिटच्या नोटा जवळ ठेवा. शंभरची नोट पुढे केली की ठेलेवाल्याचा चेहरा पडतो. बहुतेक प्लेटी ७ ते १२ रिंगिटच्या घरात, कॉफी दोन-तीन, चेंदोल पाच-सहा. दोघांचं दिवसाचं खाणं ऐंशी ते शंभर रिंगिटमध्ये मजेत होतं. जास्त खर्च हवेल्यांच्या तिकिटांवर आणि टेकडीच्या रेल्वेवर होतो. स्थानिक लोक फोनवरून क्यूआर कोडने देतात, ते बघून आपलं अ‍ॅप चालेल असं धरून चालू नका.

फिरायला काय वापरायचं?

जुन्या शहरात पाय. उन्हात थकलात तर कॅट नावाची फुकट बस शहराला फेरी मारते. टेकडीकडे २०४ क्रमांकाची, बातू फेरिंगीकडे १०१. बसचालक सुट्टे परत देत नाही, नेमकी रक्कम हातात ठेवा. रात्री ग्रॅब (अ‍ॅपवरची टॅक्सी) बोलवा. सजवलेली सायकलरिक्षा मजेची आहे, भाडं आधी ठरवा.

कपडे आणि वागणं?

शॉर्ट्स रस्त्यावर चालतात, मशिदीत अंग झाकणारे झगे देतात. हात धरून चाला, त्यापुढची जवळीक रस्त्यावर नको. चपला सहज काढता येणाऱ्या घ्या, देवळांत आणि काही हॉटेलांतही त्या बाहेरच काढतात. प्लगची भोकं चौकोनी तीन पिनांची असतात, तेव्हा जोडपिन सोबत ठेवा.

ड्युरियन खायचं का?

हे काटेरी, उग्र वासाचं फळ. जून-जुलैच्या आसपास असाल तर हो. बालिक पुलाऊ भागातल्या बागांचं फळ नामांकित आहे. विक्रेत्याला फोडून द्यायला सांगा आणि तिथेच उभ्याने खा. हॉटेलात आणायला बंदी असते, दाराशी काट मारलेलं चित्र दिसेल. एकाला आवडणार आणि एकाला नाही हे जवळपास ठरलेलं, म्हणून सगळ्यांत लहान फळ निवडा.

घरी काय आणावं?

जायफळाच्या फळाचं लोणचं आणि सरबत, पांढऱ्या कॉफीची पाकिटं, आणि मुगाच्या सारणाची ताऊ सार पिया बिस्किटं. बिस्किटांत अनेकदा डुकराची चरबी असते. शाकाहारी खोका वेगळा मिळतो, खोक्यावरचं वाचून घ्या. आणि तो विमानात हातातल्या सामानात ठेवा, विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत पार भुगा होतो.